हिरवा डेन्मार्क

१२ मे, मंगळवार

वही मिरेयाने आणून दिली. "बाबा, माइक हातात आला की तुम्ही गावभर फिरून येता. ह्या वेळी आधी लिहून काढा," म्हणाली. लेक शाळेत शिकवते, तिला वाटतं सगळं जग धड्याधड्याने चालतं. मी स्वतः चौथीपर्यंत शिकलो. पण पंचेचाळीस वर्षं खेळाडूंच्या पाठीवर नावं आणि आकडे लिहितोय, तेव्हा लिहिण्याची भीती मला कोणी घालू नये.

प्रसंग असा. सात जूनला, रविवारी, सांस्कृतिक भवनात कार्यक्रम आहे. १९८६ साली राजधानीला चिकटलेल्या आमच्या नेसात फुटबॉल विश्वचषकाचे तीन सामने झाले, त्याला चाळीस वर्षं होतायत. ह्या वर्षी विश्वचषक पुन्हा मेक्सिकोत येतोय, पण नेसाच्या वाट्याला एकही सामना नाही, त्यामुळे जुन्यावरच भागवायचं. काचेची दोन कपाटं मांडणार आहेत. एकात तिकिटं आणि फोटो. दुसऱ्यात फक्त एक शर्ट: हिरवा डेन्मार्क. त्याच्या शेजारी उभं राहून मी गोष्ट सांगायची.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तरी लग्नात, बारशात, मयतातसुद्धा मागतात.

अडचण एवढीच की शर्ट माझ्याकडे नाही. दुकानाचं नाव 'डेन्मार्क स्पोर्ट्स', भिंतीवर दोन पुरुष उंचीचा हिरवा शर्ट रंगवलेला, पण खरा एकही शिल्लक नाही.

१४ मे, गुरुवार

गोष्ट लिहून काढली. नेहमी सांगतो तशीच.

तेव्हा माझं दुकान नव्हतं. आठवडी बाजारात एक पाल होतं, आणि ओफेलियाच्या घरी तिचं पायाचं मशीन. मी नमुन्याचे कागद कापायचो आणि माल विकायचो, ती शिवायची. मिरेयाच्या बाप्तिस्म्याला ओफेलियाने तिला हातात धरलं, म्हणजे ती मिरेयाची धर्माची आई. त्या नात्याने ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडापेक्षा जपायचं असतं.

विश्वचषक आला तसं प्रत्येक जण मेक्सिकोचे हिरवे शर्ट शिवायला बसला. मी म्हटलं, हजार जण जे विकतात ते आपण विकायचं नाही. नेसात डेन्मार्क दोनदा खेळणार, आणि डेन्मार्कचा शर्ट अख्ख्या बाजारात कोणाकडे नाही. आपण डेन्मार्क शिवायचा. अर्धा भाग गडद, अर्धा पट्ट्यापट्ट्यांचा, असला विचित्र शर्ट. साठ शिवले.

चार जूनला पहिला सामना. मी मैदानाबाहेर साठ शर्ट खांद्यावर टाकून उभा. डेन्मार्कवाल्यांची पहिली बस आली. दार उघडलं, लाल. दुसऱ्या बसचं दार उघडलं, लाल. टोप्या लाल, झेंडे लाल, उन्हाने माणसंही लाल. आणि माझ्या खांद्यावर साठच्या साठ शर्ट हिरवे! एक खांबाएवढा माणूस थांबला, त्याने शर्ट हातात घेतला, मित्रांना हाका मारल्या. मला वाटलं, आता मार बसतो. तर ते सगळे पोट धरून फुटपाथवर बसले. दोन त्यांनीच घेतले, आठवण म्हणून.

बाकीचे घेऊन मी घरी आलो. आमच्या वस्तीतल्या माकारिओच्या टीमकडे घालायला शर्ट नव्हते, अकरा त्याला देऊन टाकले. मग आठ तारखेला, रविवारी, डेन्मार्कने उरुग्वेला सहा गोल घातले, इथे, आमच्या दारात. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला डेन्मार्कचा शर्ट हवा होता. रंग कोण बघतो! दहा दिवसांनी डेन्मार्कने केरेतारोत स्पेनकडून पाच खाल्ले आणि घरी गेला. पण माकारिओच्या टीमचं नाव डेन्मार्क पडलं ते पडलं, आणि माझा धंदा उभा राहिला.

ह्यानंतर कोणीतरी विचारतंच, "पण मास्तर, हिरवे कसे झाले?" मी जरा थांबतो. मग म्हणतो, "ते माझ्या कोमाद्रेला विचारा. तिच्यापुढे साल्साच्या दोन वाट्या ठेवा, लाल आणि हिरवी. चव घेतल्याशिवाय ती सांगायची नाही."

इथे हशा. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही. आमच्या वस्तीत चुकीच्या रंगाला अजून 'ओफेलियाचा लाल' म्हणतात. परवा एका पोराने हिरव्या भिंतीकडे बोट दाखवून म्हटलेलं मी ह्या कानांनी ऐकलं. त्याचा बापही तेव्हा जन्मला नसेल. एवढं टिकणारं मी काही शिवलेलं नाही.

होविताला वाचून दाखवलं. माझी बायको. भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी गोष्ट आहे. तू सांग."

१७ मे, रविवार

मैदानावर गेलो होतो. डेन्मार्क चार-एकने हरला. माकारिओ तेव्हा गोलरक्षक होता, आता टीम चालवतो. पोट इतकं सुटलंय की गोलात नुसता उभा राहिला तरी निम्मा गोल झाकला जाईल. त्याला जुन्या शर्टाचं विचारलं.

"माझा? माझ्या बायकोने त्याने आठ वर्षं फरशी पुसली, मास्तर."

"इतिहासाने फरशी पुसलीस?"

"फरशीला काय माहीत तो इतिहास आहे." मग डोकं खाजवून म्हणाला, "असलाच तर ओफेलियाबाईंकडे असेल. शिवणारी बाई पहिला नग स्वतःकडे ठेवते. तुम्ही विचारा ना, तुमच्या तर कोमाद्रे."

विचारतो म्हटलं. चार गल्ल्यांवर राहते. शेवटचा तिच्या घरी कधी गेलो ते आठवेना.

२० मे, बुधवार

ओफेलियाकडे जाऊन आलो. गोड पाव घेऊन गेलो होतो.

"या कोंपाद्रे. वाट चुकलात?"

"तुमच्या हातची कॉफी आठवली, कोमाद्रे."

"चौदा वर्षांनी? स्मरणशक्ती चांगली आहे तुमची."

जीभ तशीच आहे. हातही. बोलता बोलता पँटची चेन बदलून मोकळी झाली, मशीनकडे न बघता. पण खोलीत सगळं बारीकसारीक काम: शाळेचे गणवेश, पँटची उंची कमी करणं, उशांचे अभ्रे. मला नवल वाटलं. ह्या बाईने पूर्वी लग्नाचे पोशाख केले आहेत, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे असे घेर शिवलेत की पोरी दारातून आत येताना तिरक्या व्हायच्या. मोठी कामं तिने कधी आणि का सोडली, देव जाणे. स्वभाव असतो एकेकाचा. पुढे जावंसं वाटत नाही.

भिंतीवर खिळ्याला कागदाचे नमुने टांगलेले, वर्षानुवर्षांचे. सगळ्यात खालचा पार पिवळा पडलेला, झग्याचा, त्यावर 'एम. १५' लिहिलेलं. कुणीतरी ऑर्डर देऊन फिरकलंच नसेल. गिऱ्हाइकं असतातच अशी. मशीनवर तिचा दोऱ्यांचा डबा, तोच तो, बिस्किटांचा, झाकणावर छोटासा झेंडा. रंग निम्मा उडालाय.

शर्टाचं काढलं.

"आहे एक," ती म्हणाली. "पहिला नग."

"वा! मग सात तारखेला..."

"त्याच्याशेजारी गोष्ट कुठली सांगणार?"

"कुठली म्हणजे? तीच."

"मग शर्ट नाही."

मी हसलो. म्हटलं, "अहो कोमाद्रे, गोष्टीत वाईट काय आहे? लोक हसतात."

"हो," ती म्हणाली. "हसतात."

आणि पुढची पँट मशीनखाली घेतली. कॉफी चांगली होती.

२३ मे, शनिवार

बायकांचं मन वाकडं झालं की त्यांना गंमतही कळत नाही. असो. माझं कोणावाचून अडत नाही. अडलं असतं तर मी अजून पालात असतो.

दुकानात जुन्या जातीचं सुती कापड होतं. आठवणीने कागद कापला, शर्ट शिवून घेतला, कडक कॉफीत बुडवला, गच्चीवर उन्हात टाकला, कॉलर दगडाने घासली. एका दुपारीत चाळीस वर्षं जुना झाला. कारागिरी म्हणतात ती ही. काचेमागे कोणाच्या बापाला कळायचं नाही.

होविता कपडे वाळत घालायला वर आली. शर्टाकडे बघत राहिली.

"आता कापडालाही खोटं बोलायला लावणार?"

"लाही म्हणजे?" मी विचारलं.

तिने चादर झटकली आणि खाली गेली.

२७ मे, बुधवार

'लाही' डोक्यातून जात नाही. चार दिवस आकडे वाकडे कापतोय.

आज दुपारी जेवून आडवा झालो आणि एकदम तो डबा आठवला. बिस्किटांचा. तो ओफेलियाकडे कसा आला ते मला ठाऊक आहे: राजधानीत एका मोठ्या घरी तिने पडदे शिवले होते, तिथल्या बाईने नाताळात रिकामा डबा दिला. ते पंच्याऐंशीच्या भूकंपाच्या आधीचं. म्हणजे विश्वचषकाच्याही आधीचं. आणि डबा डेन्मार्कच्या बिस्किटांचा. झाकणावरचा झेंडा डेन्मार्कचा. लाल, त्यावर पांढरा क्रूस.

म्हणजे अख्ख्या नेसात डेन्मार्कचा रंग कुणाला माहीत असेल, तर तो त्या बाईला. रोज सकाळी दोरा काढताना बघत होती.

मग मला तिचा हात दिसला, झाकण माझ्या नाकासमोर धरलेला. आणि एक वाक्य ऐकू आलं: "कोमाद्रे, बिस्किटं येणार आहेत का खेळायला?"

हे वाक्य तिचं असू शकत नाही. माझी वाक्यं मी ओळखतो.

३० मे, शनिवार

लिहायला घेतलंय तर सगळंच लिहितो. वही कोणी बघत नाही. मिरेयाला यातली दोनच पानं फाडून देईन.

घरी तेव्हा काळा-पांढरा टीव्ही होता. मेच्या शेवटी बातम्यांत डेन्मार्कचा संघ सराव करताना दाखवला, मागोमाग आपला मेक्सिकोचा. दोघांचे शर्ट पडद्यावर सारखेच करडे. अगदी एक छटा. मी गुडघ्यावर थाप मारली. मेक्सिकोचा हिरवा, हे तर सगळ्यांना ठाऊक. डेन्मार्कचा करडा तोच, म्हणजे डेन्मार्कही हिरवा! हुशारीने कमावलेलं ज्ञान. वर, मेक्सिकोचे शर्ट शिवणाऱ्यांकडे हिरव्या कापडाचे तुकडे पडलेले, तेही लगेच मिळाले.

ओफेलिया म्हणाली होती, "कोंपाद्रे, तुमच्या टीव्हीवर पोपसुद्धा करडा दिसतो." मग झाकण दाखवलं. मग मी बिस्किटांचं म्हटलं. ती हसली नव्हती. हिरवं तिने कापलं कारण मी सांगितलं.

बरं, चूक कोणाकडून होत नाही? पण ती तिची कधी झाली, हे शोधत बसलो. पहिलं वर्षभर मी 'आमचा घोटाळा झाला' असंच सांगायचो. मग सत्याऐंशीत वस्तीच्या लीगचं मोठं काम निघालं, सोळा टीमचे शर्ट. अध्यक्ष म्हणाला, "हिरवा डेन्मार्क तुझाच ना? माझ्या टीमचे रंग नीट येतील कशावरून?" मी म्हणालो, "साहेब, ते शिवणारणीचं काम. तिला रंग कळत नाहीत. आता मी दुसऱ्या बाया ठेवल्यात."

काम मिळालं. दुसऱ्या बाया त्या दुपारी ठेवल्या.

वाईट हेतू नव्हता. एका वाक्याचा प्रश्न होता. मग लोक हसायला लागले आणि वाक्य वाढत गेलं.

२ जून, मंगळवार

होविताला विचारलं, "ओफेलियाने मोठी कामं घेणं कधी सोडलं?"

ती पीठ मळत होती. हात थांबले. "सोडलं?" म्हणाली. "म्हाताऱ्या, जिला लाल-हिरवं कळत नाही तिच्याकडे कोण आपल्या मुलीचा लग्नाचा पोशाख टाकेल?"

"कोणी खरं धरलं असेल असं..."

"आपण धरलं. मिरेयाच्या पंधराव्याला झगा कुठून आणला?"

"शहरातून. तयार."

"धर्माची आई शिवणारीण असताना. आणि केकच्या टेबलाशी उभं राहून तू सगळ्यांना सांगितलंस, 'बरं झालं बाहेरून आणला, नाहीतर पोरगी हिरवी दिसली असती.' ओफेलिया तुझ्या शेजारी उभी होती. ताट हातात घेऊन."

"ती पण हसली होती," मी म्हणालो. मला खरंच आठवतं, हसली होती.

"मी पाहिलं तिला हसताना," होविता म्हणाली. "तू पाहिलं नाहीस."

"मग इतकी वर्षं तू काही बोलली का नाहीस?"

"बोलले. दोनदा. तू दोन्ही वेळा गोष्टच सांगितलीस."

४ जून, गुरुवार

आज बरोबर चाळीस वर्षं झाली.

सकाळी कॉफीत बुडवलेला शर्ट कापून त्याच्या पुसण्या केल्या. मग ओफेलियाकडे गेलो. दारातच म्हणालो, "कोमाद्रे, रविवारी मी खरं सांगणार आहे. झालं असं होतं की टीव्हीवर..."

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला माहीत आहे."

दार लावलं नाही, पण या असंही म्हणाली नाही. मी दारातूनच परत आलो. येणार का, हे विचारायचं राहिलं.

६ जून, शनिवार

स्वतःशी प्रामाणिक राहून लिहितो: भीती वाटते. ती गोष्ट म्हणजे मी आहे. तिच्याशिवाय मी कोण? शर्ट विकणारा एक म्हातारा. माकारिओ म्हणाला, "मास्तर, भवन भरणार आहे. साल्साच्या वाट्या विसरू नका!" मी हो म्हटलं. सवयीने.

७ जून, रविवार

दोनशे खुर्च्या, वर भिंतीला टेकून उभे राहिलेले. पहिलं कपाट तिकिटांचं. दुसरं रिकामं, आत नुसती चिठ्ठी: 'हिरवा डेन्मार्क, १९८६'. ओफेलिया दिसली नाही.

सुरुवात नेहमीसारखी केली. बसचं दार, लाल. दुसरं दार, लाल. लोक माझ्याबरोबर मोठ्याने म्हणत होते. सहा गोल. टाळ्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, "पण मास्तर, हिरवे कसे झाले?" आणि सगळे पुढे सरकून बसले.

मी थांबलो. नेहमी थांबतो तिथेच. मग म्हणालो, "मी केले. हिरवा मी सांगितला. ओफेलियाने लाल म्हटलं होतं, तिच्याकडे डब्यावर झेंडा होता. मी ऐकलं नाही. चाळीस वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं."

हशा झाला. असा हशा मला जन्मात मिळाला नव्हता. माकारिओने मांडीवर हात आपटला, "बघा, बघा, म्हातारपणी मास्तर बाईमाणसाची बाजू घेतायत!" कोणीतरी म्हणालं, "कोमाद्रेने दम दिलेला दिसतोय!" मी परत सांगितलं. आणखी हसले. मी म्हणालो, "अरे, खरं सांगतोय." पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसायला लागली, हसून हसून.

लोकांना हसवायची कला मी चाळीस वर्षं शिकलो. थांबवायची शिकलो नाही. माइक हातात धरून नुसता उभा राहिलो.

तेवढ्यात भिंतीकडची माणसं बाजूला झाली. ओफेलिया तिथेच उभी होती, दाराच्या मागे. कदाचित पहिल्यापासून. हळूहळू चालत पुढे आली, काखेत बिस्किटांचा डबा. दोरे नव्हते त्यात. झाकण काढून तिने आधी शर्ट बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. मग घडी घातलेला पिवळा कागद उलगडला: शर्टाच्या डाव्या बाजूचा नमुना. माझ्याकडे दिला नाही. माकारिओकडे दिला.

"वाच रे," म्हणाली. "चष्मा लाव."

माकारिओने वाचलं. "माप चौतीस. डावी बाजू, हिरवी." अजून काही जण हसत होते. पण माकारिओ हसायचा थांबला होता. त्याने कागद शेजाऱ्याकडे सरकवला, बोट ठेवून. मी चार कसा काढतो ते नेसात सगळ्यांना माहीत आहे: वरून उघडा, उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखा. त्या भवनातल्या निम्म्या पुरुषांनी तो कधी ना कधी पाठीवर घातलाय.

कागद हातोहात मागे गेला. ज्या रांगेत पोचायचा ती रांग गप्प व्हायची. मी ते ऐकत होतो.

माकारिओ उभा राहिला. "ओफेलियाबाई, इतकी वर्षं हा कागद तुमच्याकडे होता? मग दाखवला का नाहीत?"

"कुणाला?" ती म्हणाली. "दारोदार? लोक म्हणाले असते, बाई कागद घेऊन फिरते." मग माझ्याकडे वळली. "शिवायच्या आधी मी म्हटलं होतं, कोंपाद्रे, रंग तुमच्या हाताने लिहून द्या. आठवतं?"

"आता आठवतं," मी माइकमध्ये म्हणालो.

"सावकाश आठवतं तुम्हाला," ती म्हणाली, आणि हळूच कुणीतरी हसलं, मग दोघं-तिघं. ह्या वेळचा हशा वेगळा होता. माझ्यावरचा होता. कसा लागतो ते पहिल्यांदाच कळलं.

शर्ट कपाटात ठेवला. चिठ्ठीवर ओफेलियाने स्वतः पेन मागून एक ओळ घातली: 'शिवणारीण – ओफेलिया'. नमुना मात्र घडी करून डब्यात परत. "हा माझ्याकडे राहील," म्हणाली.

८ जून, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच शटरवर खडूने लिहिलेलं: 'एवोदिओचा लाल'. एवोदिओ म्हणजे मी. दिवसभरात अकरा जणांनी विचारलं, "मास्तर, हा निळाच आहे ना? नक्की?" अकराही वेळा हसलो. संध्याकाळी गाल दुखत होते.

एक दिवस झालाय. बघू किती टिकतं ते.

११ जून, गुरुवार

विश्वचषक सुरू झाला. सगळी वस्ती टीव्हीसमोर. मी आवाज बंद करून बघितला. रंग चांगले दिसत होते.

२० जून, शनिवार

नात यारेत्सी ऑक्टोबरात पंधरा वर्षांची होते. झगा कुठून आणायचा ह्यावर घरात चर्चा निघाली आणि मी तोंड उघडायच्या आत मिरेया म्हणाली, "माझ्या धर्माच्या आईकडून." आम्ही चौघंही गेलो. मी मुद्दाम दाराशी बसलो.

ओफेलियाने यारेत्सीला उजेडात उभं केलं, खांदे चाचपले, मिरेयाकडे पाहिलं. "तुझेच खांदे आहेत हिला," म्हणाली. मग भिंतीपाशी गेली, खिळ्यावरचे सगळे नमुने एकेक करून काढले आणि सगळ्यात खालचा घेतला. पिवळा. झग्याचा. धूळ फुंकून पोरीच्या अंगाला लावला. "कमरेत थोडं घ्यावं लागेल. बाकी बसतो."

एम. १५.

मी दाराशी बसून हिशोब केला. मिरेयाला पंधरा लागली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तिने न सांगता कापून ठेवला होता, कोणी विचारायला येईल म्हणून. आणि मी गेल्या महिन्यात त्याच्याखाली बसून, गिऱ्हाइकं असतातच अशी, असं लिहून ठेवलंय. खोडणार नाही. राहू दे तसं.

मिरेयाने कागद हातात घेतला आणि बराच वेळ ते एक अक्षर बघत राहिली. होविताने कॉफी ओतली.

"कोमाद्रे," मी म्हणालो, "मला..."

"कोंपाद्रे, आता बोलू नका. तुमचं बोलणं पुष्कळ झालं. उसवलेलं मी शिवते, विरलेलं नाही. पण हात रिकामे ठेवून बसू नका, दोरा संपलाय." पोरीकडे वळली. "रंग कुठला हवा गं?"

"लाल," यारेत्सी म्हणाली.

ओफेलियाने डबा उघडला, लाल कापडाची एक चिंधी शोधली, आणि दुकानात पाठवायच्या लेकराच्या छातीवर चिठ्ठी टाचतात तशी टाचणीने माझ्या शर्टावर टाचली.

"हिच्याशी जुळवून आणा," म्हणाली. "आणि कोंपाद्रे, होविताला सोबत न्या."

नेली.